जुन्या आठशेला नवा मीटर: खरं काम डॅशबोर्डच्या बाहेर

उदगीरच्या एका तरुणाने विचारलं आहे. घरी वडिलांनी घेतलेली १९९८ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. मीटरची केबल सारखी तुटते, पेट्रोलचा काटा मनाला येईल तसा फिरतो. म्हणून या तरुणाने हैदराबादच्या जुन्या बाजारातून नंतरच्या पिढीच्या गाडीचा मीटर आणला आहे, डिजिटल किलोमीटर आणि आरपीएमचा काटा असलेला. "डॅशबोर्ड थोडा कापला की बसतोय. मागं एकच कपलर आहे. कोणती वायर कशाला जोडू, तेवढं सांगा."

तेवढंच सांगून भागलं असतं तर बरं झालं असतं. मीटर म्हणजे नुसते काटे आणि दिवे. त्या काट्यांनी काय दाखवायचं हे ठरवणारे भाग गाडीत दुसरीकडेच बसलेले असतात: गिअरबॉक्सवर, टाकीत, हेडमध्ये, कॉईलपाशी, डायनामोच्या मागे. तुमच्या गाडीतले हे सगळे भाग जुन्या मीटरशी जुळवलेले आहेत. नव्या मीटरला ते चालतील असं गृहीत धरून वायरी जोडल्या, तर दिवे सगळे लागतील आणि काटे सगळे खोटं दाखवतील. मीटर बसवायला अर्धा दिवस लागतो, तो खरं बोलायला लावण्यात बाकीचा वेळ जातो.

आधी आणलेला मीटर उलटा करून बघा, कारण तो कोणत्या जातीचा आहे यावर सगळं अवलंबून आहे. मागे केबल अडकवायचं गोल तोंड असेल तर तो तुमच्याच पिढीचा, त्यात अडचण नाही. तोंड नाही पण कपलरमध्ये वीसेक पिना आहेत, म्हणजे पेट्रोल, टेम्परेचर, स्पीड, ऑईल, इंडिकेटर अशा प्रत्येकाची वेगळी वायर येते. हा मीटर जुन्या गाडीत बसतो. तिसरी जात म्हणजे मोजून चार-सहा वायरींची. बॅटरी, इग्निशन, अर्थ आणि एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी. त्या दोन कॅन बसच्या, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांनी एकमेकांना संदेश पाठवायच्या.

कॅनवाला निघाला तर माझा सल्ला स्पष्ट आहे: परत करा, नाहीतर शोकेसमध्ये ठेवा. त्या मीटरला टाकीत पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटशी काही देणंघेणं नसतं. इंजिनचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), एबीएस, एअरबॅग यांच्याकडून त्या दोन वायरींवर संदेश येतात आणि तो ते वाचून काटे हलवतो. तुमच्या गाडीत संदेश पाठवणारं कुणीच नाही. त्यामुळे चावी फिरवली की एअरबॅग, एबीएस, चेक इंजिन असे सगळे दिवे पेटून राहतील आणि काटे शून्यावर पडून राहतील. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं बोर्ड) आणि कॅनचं छोटं बोर्ड लावून खोटे संदेश पाठवता येतात, हौशी मुलं करतातही. पण कोणता संदेश कोणत्या क्रमांकाने जातो हे त्या मूळ गाडीवर लॅपटॉप लावून शोधावं लागतं, आणि रोज वापरायच्या गाडीत वेगाचा काटा अशा जुगाडावर ठेवू नये.

इथून पुढे तुमचा मीटर दुसऱ्या जातीचा आहे असं धरून सांगतो.

बाजारातून नुसता मीटर आणला असेल तर पुन्हा एकदा तिथं जा. त्याच गाडीचा वीतभर वायरी ठेवून कापलेला कपलर, गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर, टाकीतला फ्लोट आणि टेम्परेचरचा सेन्सर मागा. भंगारवाल्याला या वस्तूंची किंमत नसते, मीटरबरोबर सांगून घेतल्या तर जवळपास फुकटात पडतात. नंतर एकेक शोधत फिरलात तर मीटरपेक्षा त्याच महाग जातात. कपलर मिळाला की गाडीची मूळ वायरिंग कुठंच कापू नका. नवा कपलर आणि गाडीचा जुना कपलर यांच्यामध्ये बसणारी जोडवायरिंग बनवा, म्हणजे उद्या जुना मीटर परत लावायची वेळ आली तर पाच मिनिटांत लागेल.

मग मीटर थेट गाडीत नेऊ नका. टेबलावर घ्या. बारा व्होल्टची बॅटरी, दोन अँपिअरचा फ्यूज, मल्टिमीटर. नव्या मीटरला दोन सप्लाय लागतात: एक कायमचा, बॅटरीचा, आणि एक इग्निशनचा. कायमचा सप्लाय दिला नाही तर घड्याळ आणि ट्रिप दरवेळी शून्यावर येतात आणि काही मीटरचे काटे बंद करताना जागेवरच अडकतात. बहुतेक मीटरच्या प्लेटवर पिनांजवळ बारीक अक्षरांत खुणा छापलेल्या असतात, भिंग घेऊन वाचा. वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही रंग बदलतात.

आता वेग. जपानी पद्धतीच्या गाड्यांत केबल एका किलोमीटरला ६३७ फेरे घेते. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून ६० च्या वेगाला केबल मिनिटाला ६३७ फेरे फिरते. केबलच्या जागी जो सेन्सर येतो तो सहसा एका फेऱ्याला चार ठोके देतो, म्हणजे किलोमीटरला २५४८ ठोके. ताशी ६० ला सेकंदाला साधारण साडेबेचाळीस, ४२.५ हर्ट्झ. हा आकडा लिहून ठेवा, सगळं काम त्याच्यावर आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात छोटं सिग्नल जनरेटर बोर्ड मिळतं. त्यातून ४२.५ हर्ट्झचा चौकोनी सिग्नल मीटरच्या स्पीडच्या पिनेवर द्या. काटा ६० वर किंवा जरासा पुढे आला, तर मीटर तुमच्या कामाचा. ८५ दिले की १२० दाखवायला हवेत. ४२.५ ला ३० दाखवले तर त्या मीटरला एका फेऱ्याला आठ ठोके हवेत, तुमचा चार ठोक्यांचा सेन्सर त्याला चालणार नाही.

सिग्नल देण्याआधी मीटरला सप्लाय देऊन त्या पिनेवर किती व्होल्ट आहेत ते मोजा. पाच किंवा बारा दिसले तर मीटर आतूनच पुल-अप देतो, म्हणजे सिग्नल वायरला लागणारं व्होल्टेज स्वतः पुरवतो. काहीच दिसत नसेल तर सेन्सरची सिग्नल वायर आणि पॉझिटिव्ह यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाकावा लागतो. सेन्सर बहुधा फक्त सिग्नल वायर अर्थला टेकवतो आणि सोडतो, व्होल्टेज स्वतः देत नाही. सेन्सर ठीक असूनही काटा हलत नाही, अशा तक्रारींत पुष्कळदा हाच रेझिस्टर राहिलेला असतो.

सेन्सर बसवायला दोन मार्ग आहेत. त्याचा गिअर तुमच्या गिअरबॉक्सच्या भोकात बसत असेल तर उत्तम, पण दात मोजून बघा. दात वेगळे असतील तर बसेल छान आणि वेग चुकीचा सांगेल. नसेल बसत, तर गिअरबॉक्सवरच्या केबलच्या आट्यांवर चढणारा, मधे बसवायचा सेन्सर मिळतो. मी हाच पसंत करतो. तुमचा मूळ प्लास्टिकचा गिअर तसाच राहतो आणि तोच तुमच्या टायरला जुळवलेला असतो. इथे लोक एक घोळ घालतात: "मीटर मोठ्या चाकाच्या गाडीचा आहे, मग वेग चुकेल ना?" नाही चुकत. मीटर ठोके मोजतो, आणि किलोमीटरला किती ठोके पडतात ते तुमचा गिअरबॉक्स आणि तुमचं चाक ठरवतं. चुकतं ते तुमचं स्वतःचं चाक बदललं तर. ८०० चा मूळ टायर १४५/७० आर १२. त्याजागी १४५/८० आर १२ चढवला की परीघ साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढतो, आणि मीटर ६० दाखवत असताना गाडी ६३ च्या पुढे पळत असते.

ही चूक घातक दिशेची आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त दाखवलं तर चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार इतकी वरची सूट आहे, म्हणजे खऱ्या ६० ला ७० पर्यंत दाखवलेलं बसतं. तेव्हा मोबाईलच्या जीपीएसशी तंतोतंत जुळवायचा अट्टहास नको. लातूर-अहमदपूर-नांदेड हा ३६१ नंबरचा हायवे तपासणीला चांगला आहे. शेजारी कुणाला तरी मोबाईल धरायला बसवा, स्थिर ६० ठेवा, आणि दहा किलोमीटरच्या दगडांवर ओडोमीटर (एकूण किलोमीटरचा आकडा) हाही ताडून बघा. वेग थोडा जास्त दाखवणं क्षम्य आहे, ओडोमीटर मात्र दगडांशी जुळला पाहिजे.

तुमची कार्बोरेटरची आहे म्हणून एका कटकटीतून सुटलात. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत केबलच्या मीटरमध्येच एक रीड स्विच (चुंबकाने उघडझाप होणारा) असतो आणि तो ईसीयूला वेगाचा सिग्नल देतो. मीटर काढला की तोही जातो आणि मग चेक इंजिनचा दिवा, वर-खाली होणारं आयडलिंग, असे आजार सुरू होतात. एमपीएफआयवाल्यांनी, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीवाल्यांनी, नव्या सेन्सरची वायर तिकडेही न्यायला विसरू नये.

पेट्रोलचा काटा हा दुसरा मोठा भाग, आणि यात सगळ्यात जास्त फसवणूक होते. टाकीतला फ्लोट म्हणजे बदलणारा रेझिस्टर. जपानी पद्धतीत बहुधा टाकी भरली की ओहम अगदी कमी आणि रिकामी झाली की शंभराच्या आसपास. जर्मन व्हीडीओ पद्धतीत उलटं: रिकामीला १० आणि भरल्यावर १८०. दिशाच उलटी असेल तर कुठलाही रेझिस्टर लावून उपयोग नाही. दिशा एक पण आकडे वेगळे असतील तर वायरमन मधे एक रेझिस्टर टाकून देतो आणि म्हणतो, झालं. काय होतं ते हिशेबाने बघा. समजा तुमचा फ्लोट भरलेल्या टाकीला ३ आणि रिकाम्याला ११० ओहम देतो, आणि नव्या मीटरला भरलेल्याला ४० आणि रिकाम्याला २५० हवेत. मधे ३७ चा रेझिस्टर टाकला की भरलेली टाकी बरोबर दिसते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण टाकी कोरडी झाली तेव्हा मीटरला १४७ ओहम दिसतात आणि काटा अर्ध्यावर उभा असतो. अर्धी टाकी दाखवत गाडी बालाघाटच्या चढावर बंद पडते. त्याऐवजी १४० चा टाकला तर रिकामं अचूक दिसतं आणि भरलेली टाकी अर्धी दिसते. दिसायला वाईट, पण रस्त्यावर सोडत नाही. तडजोड करायचीच असेल तर नेहमी रिकाम्या टोकाच्या बाजूने करा.

खरा उपाय म्हणजे मीटरच्या गाडीचाच फ्लोट घेऊन त्याची रेझिस्टरची पट्टी तुमच्या फ्लोटच्या दांडीवर बसवणं. टाकीची खोली वेगळी असते म्हणून पूर्ण फ्लोट क्वचितच सरळ बसतो. दांडी वाकवून वरचं आणि खालचं टोक जुळवा, बाहेर ओहम मोजा आणि मगच टाकीत सोडा. हे काम उघड्यावर, बॅटरीची अर्थ काढून. टाकीजवळ सोल्डरिंग आयर्न आणू नका, आणि फ्लोटला "बघू चालतोय का" म्हणून थेट बारा व्होल्ट लावायचे नाहीत. पेट्रोलची वाफ दुसरी संधी देत नाही.

दोन बारीक गोष्टी. जुन्या मीटरच्या आत पेट्रोल-टेम्परेचरच्या काट्यांना स्थिर कमी व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर असू शकतो, तो नव्याशी जोडू नका. आणि नवा मीटर पेट्रोलचा काटा मुद्दाम हळू हलवतो, वळणावर डचमळलं तरी थरथरू नये म्हणून. पेट्रोल भरल्यावर लगेच वर आला नाही तर थोडं थांबा, लगेच डॅशबोर्ड उघडू नका.

टेम्परेचरचा काटा आपल्याकडे मे महिन्यात चैन नसून गरज आहे. सेन्सर गरम होईल तसे त्याचे ओहम उतरतात. मीटरबरोबर आणलेला सेन्सर आणि तुमचा सेन्सर दोन्ही पातेल्यात थर्मामीटरबरोबर सोडा, पाणी तापवत ४०, ६०, ८० आणि उकळी अशा चार ठिकाणी ओहम लिहा. आकडे जवळपास सारखे आले तर तुमचाच ठेवा. नाहीतर सेन्सर बदला, आटे जुळत असतील तर. एका वायरीचा सेन्सर अर्थ घेतो तो स्वतःच्या अंगातून. आट्यांवर टेफलॉन टेपचे वेढे दिले की अर्थ तुटतो आणि इंजिन उकळत असताना काटा थंड दाखवतो. टेप नको, थोडं सीलंट पुरे. ऑईलच्या लाल दिव्याला त्या मानाने काही करावं लागत नाही. प्रेशर नसताना स्विच अर्थला टेकतो, दिवा लागतो. चावी दिल्यावर लागला आणि इंजिन चालू झाल्यावर विझला, झालं. चावी दिल्यावर लागतच नसेल तर गाडी चालू करू नका.

बॅटरीचा दिवा मात्र वाटतो तेवढा साधा नाही. जुन्या मीटरमध्ये तिथे खरा बल्ब आहे आणि त्या बल्बमधून जाणारा करंटच डायनामोला जागं करतो. नव्या मीटरमध्ये तिथे एलईडी असते, ती नावापुरता करंट सोडते. मग डायनामो चार्जिंगच सुरू करत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच करतो. चार दिवसांनी बॅटरी बसते आणि दोष बॅटरीवाल्यावर जातो. जुना बल्ब होल्डरसकट डॅशबोर्डच्या आत त्याच दोन वायरींवर ठेवून द्या, किंवा ६८ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर एलईडीला समांतर लावा. तो चावी चालू असताना गरम होतो, प्लास्टिकला टेकू देऊ नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत.

आरपीएमचा काटा तुम्हाला सगळ्यात जास्त आवडला असणार. तुमचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, म्हणजे एका फेऱ्याला दीड ठिणगी. चार सिलिंडरला दोन. चार सिलिंडरच्या गाडीचा मीटर तुमच्याकडे पाऊणच आकडा दाखवेल, ३००० ला २२५०. पहिली वॅगनआर १०६१ सीसीची, चार सिलिंडरची होती. २०१० पासून ती ९९८ सीसीच्या तीन सिलिंडरवर आली. तेव्हा नाव एकच असलं तरी साल विचारा. टेबलावर ७५ हर्ट्झ देऊन बघा: ३००० दाखवले तर तीनचा, २२५० दाखवले तर चारचा. सिग्नल कॉईलच्या निगेटिव्हवरून घ्यायचा, पण थेट नाही. तिथे ठिणगी पडताना काही शे व्होल्टचा झटका येतो आणि नव्या मीटरचं ते इनपुट जळतं. मधे १० ते २२ किलोओहमचा रेझिस्टर आणि मीटरच्या बाजूला अर्थकडे झेनर डायोड (जादा व्होल्टेज अर्थला सोडणारा), एवढं लागतंच.

इंडिकेटर, अप्पर, हँडब्रेक हे पाच मिनिटांचं काम. कोणता दिवा पॉझिटिव्हने लागतो आणि कोणता अर्थने, एवढं टेबलावर बघून घ्या.

बसवताना डॅशबोर्ड कापायची घाई करू नका. पुठ्ठ्याचा साचा कापा, स्टिअरिंगच्या कड्यातून सगळे आकडे दिसतात का ते बसून बघा, मग ॲल्युमिनियमच्या पट्टीचे ब्रॅकेट करा. इतकी वर्षं आपल्या उन्हात भाजलेलं प्लास्टिक थंडीतल्या सकाळी लगेच तडकतं, जरा ऊन खाल्ल्यावर क्लिपा उघडा. अर्थ मीटरच्या स्क्रूवर सोडू नका, स्वतंत्र वायर बॉडीवर नेऊन रंग खरवडून घट्ट करा. काटे एकत्र थरथरू लागले की पहिला संशय या अर्थवर.

किलोमीटरचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. नव्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर आहेत. आतली चिप वाचून आकडा बदलून देणारे बरेच भेटतील आणि तेवढ्याच सहजतेने "पन्नास हजार कमी करू का" असंही विचारतील. तुम्ही त्यात पडू नका. बदलायच्या दिवशी दोन्ही मीटरचे आकडे दिसतील असा फोटो काढा, तारखेसह कागदावर लिहून आरसीच्या फाईलमध्ये ठेवा, जुना मीटर जपून ठेवा. गाडी विकताना तो कागद घेणाऱ्याला दाखवा. आरसीवर मीटरचा उल्लेख नसतो, पण चालू स्पीडोमीटर असणं केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. १९९८ ची गाडी, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे तुमची पुढची तपासणी २०२८ मध्ये पडते.

हे सगळं वायरमनकडूनच करून घेणार असाल तर त्याला पैसे ठरवण्याआधी दोनच गोष्टी विचारा: फ्लोटचे ओहम मोजणार का, आणि बॅटरीच्या दिव्याचं काय करणार. उत्तर देता आलं नाही तर दुसरा वायरमन बघा. आणि एवढा सगळा खटाटोप नको वाटत असेल, तर नवी केबल, गिअरबॉक्सवरचा तिचा प्लास्टिक गिअर आणि टाकीतला नवा फ्लोट घाला. केबल वारंवार तुटते ती बहुधा मागे तीव्र वळण घेऊन बसवलेली असते किंवा आत ग्रीस सुकून धूळ गेलेली असते. तिला मोठा बाक देऊन बसवली तर जुनाच मीटर पुष्कळ वर्षं चालेल, फक्त आरपीएमचा काटा मिळणार नाही.